नानांचं हवेतलं गोदाम

नानांच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. दोघं बघावं तेव्हा झोपलेली, पण त्या झोपेचे फोटो मात्र रोज पोतंभर यायचे आणि नानांच्या फोनवर येऊन पडायचे. शेवटी फोनने हात टेकले. ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी लावून तो मोकळा झाला. नानांच्या बायकोला नात तेवढी दिसायची. नातवाच्या जागी एक चकरी गोल गोल फिरत राहायची.

“अहो, काहीतरी करा,” ती म्हणाली. “चकरीची दृष्ट काढू का मी?”

तोडगा काढला जावयाने. तो दूरच्या शहरात, अशा कामावर की जे नानांना आजवर तीनदा समजावून सांगूनही कळलेलं नव्हतं. त्याने फोन केला.

“नाना, तुमच्यासाठी वर्षभराची क्लाउडवर जागा घेतलीय. चिक्कार आहे. काय टाकायचं ते टाका.”

“कुठे आहे ती?”

“कुठे असं नाही. हवेतच म्हणा.”

“छप्पर?”

“छप्पर लागत नाही, नाना.”

“राखणदार?”

जावई उत्तर द्यायला गेला तोच मागे एक पोर रडायला लागलं, लगेच दुसऱ्यानेही सूर धरला. “पासवर्ड असतो,” तो घाईने म्हणाला. “किल्लीच समजा. ती कुणाला देऊ नका.” आणि फोन ठेवला.

आता नाना म्हणजे कोण, हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, जो माल आत आला तो नानांच्या नजरेखालून, जो बाहेर गेला तोही नानांच्या नजरेखालून. साहेब येत, साहेब जात, पण त्या स्टोअरमधून एक वॉशर कधी इकडचा तिकडे झाला नाही. निरोपाच्या दिवशी मॅनेजर भाषणात म्हणाले होते, “आमच्या नानांच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे देवाच्या हाती दिलेली.” नानांनी ते मनावर घेतलं. देवाने घेतलं की नाही, ठाऊक नाही.

तर अशा माणसाच्या हाती हे गोदाम आलं. नानांनी ते फोनवर उघडलं. वरच्या बाजूला एक लांब पट्टी होती आणि खाली लिहिलं होतं, ‘एक टक्का भरलेलं.’ नव्याण्णव टक्के रिकामं गोदाम! त्यांच्या काळी असं स्टोअर साहेबांनी पाहिलं असतं तर स्टोअरकीपरला दारातूनच घरी पाठवला असता. रिकामा रॅक म्हणजे स्टोअरकीपरच्या तोंडाला काळं. जावयाने दिलेली वस्तू वाया घालवणं तर त्याहून वाईट.

पण त्या गोदामातला सगळ्यात मोलाचा माल जुळ्यांचे फोटो नव्हते. तो माल दादांचा होता.

दादा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. छापखान्यात फोरमन होते. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटावर मात करून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. त्यातही नाना समोर आले की दादांच्या गळ्याला विशेष धार चढायची. पासष्ट वर्षांचा धाकटा भाऊ, डोक्यावर केस नाहीत, दोन लेकींची लग्नं करून मोकळा झालेला, पण दादांच्या लेखी तो अजून ‘गाढव’च. आणि त्या वर्षी दादांच्या गळ्यात नको ते निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. जाण्यापूर्वी घरच्यांनी आवाज भरून ठेवला तर बरं, असंही ते म्हणाले.

दादांची बायको, म्हणजे नानांच्या वहिनी, पदराला हात पुसत नानांकडे आल्या. “भावोजी, तुम्हीच भरा आणि तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घरात वस्तू टिकत नाहीत. ह्यांचा चष्मा रोज शोधावा लागतो. एवढं एक सांभाळा. नंतर मला ऐकायला काय राहणार?”

नाना म्हणाले, “वहिनी, माझ्या हाती दिलंत ना? झालं.”

दादांना खुर्चीत बसवलं. नानांनी फोन पुढे धरला.

“बोला, दादा.”

“काय बोलू?”

“काहीही. चार प्रेमाचे शब्द. वहिनींसाठी.”

“लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तेव्हा बोललो नाही, आता या डबड्यापुढे बोलू? आणि फोन उलटा धरलायस तू! गाढवा, तुला एक काम धड जमतं का? बंद कर ते!”

पण एकदा तोंड उघडलं की दादांचं ते बंद होणं कठीण. पुढे चार दिवस नाना जात राहिले आणि दादा भरत राहिले. नानांनी बालपणी विहिरीत पाडलेली बादली, नानांचं अक्षर, नानांची सायकल, नानांनी लग्नात घातलेला फेटा. मधूनमधून वहिनींना हाक, “अगं ऐकतेस का?” आणि एकदा, वहिनी चहा ठेवून आत गेल्यावर, दोन ओळी अशा की त्या भरताना नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. हे सगळं नानांनी हवेतल्या गोदामात नीट चढवलं. पट्टी पाहिली. अजून एकच टक्का.

“एवढा मोठा माणूस,” नाना बायकोला म्हणाले, “आणि एक टक्कासुद्धा हलला नाही!”

मग नानांनी ठरवलं की रॅक भरायचेच. इमारतीत बातमी गेली. शेजारी दारात आले. सर्वांत आधी आला समोरचा वायरमन. त्याला विसरायची सवय होती, म्हणून ज्या कुणाचा बोर्ड उघडेल त्याचा आधी फोटो काढायचा, लाल तार कुठे, काळी कुठे. त्याच्या फोनमध्ये माणसाचा एकही फोटो नव्हता, नुसत्या तारा. मागोमाग आले बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. त्यांनी स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्सरे वर्षवार जपलेले होते. आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई, त्यांच्याकडे पोरांच्या पेपरांचे ढीग.

“नाना, पण आमचं तुमच्या गोदामात जाणार कसं?” बाईंनी विचारलं.

नानांनी विचार केला. जावई म्हणाला होता, किल्ली कुणाला देऊ नका. पण जावयाने कधी स्टोअर सांभाळलं नव्हतं. तिऱ्हाइताला किल्ली द्यायची नाही, हे नानांनाही कबूल. पण ज्याचा माल आत आहे तो तिऱ्हाईत कसा? त्यांनी पासवर्ड तिघांच्याही फोनमध्ये स्वतःच्या हाताने घातला आणि वर बजावलं, “सांभाळा. जबाबदारीचं काम आहे.”

चार दिवस सगळं ठीक चाललं. पाचव्या दिवशी बाई जिना उतरून आल्या. चेहरा लाल.

“नाना, माझ्या फोनमध्ये कॅशियरसाहेब बनियनवर व्यायाम करताना दिसतायत.”

“तुमच्या फोनमध्ये?”

“माझ्याच! आणि फोनने स्वतःहून त्याला गाणं लावलंय. वर लिहिलंय, ‘आपल्या गोड आठवणी.’”

गोदाम एक, किल्ली एक, तेव्हा सगळ्यांना सगळंच दिसू लागलं होतं. कॅशियरांना नववीच्या पोरांची भूमिती दिसली आणि त्यांनी न विचारता त्यातल्या चुका काढून बाईंना कळवल्या. नानांच्या बायकोला नातवंडांच्या मधोमध एक जळका फ्यूज दिसला. दादांचे चार दिवसांचे बोल तर साऱ्या इमारतीने ऐकले.

“थोरल्यांचा गळा काय पण!” कॅशियर जिन्यात म्हणाले. “आणि नाना, ती विहिरीतली बादली तुम्हीच पाडली होती का हो?”

“दोर कुजका होता,” नाना म्हणाले आणि घरात जाऊन दार लावलं.

इथवर झालं ते हसण्यावारी गेलं असतं. पण महिनाअखेर आली. महिनाअखेरीला नानांचा हात आपोआप मालाची मोजदाद करायला लागतो. त्यांनी चष्मा चढवला, गोदाम उघडलं, मग फोनची स्वतःची खोली उघडली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. जो फोटो गोदामात, तोच फोनमध्ये. दादांचा जो आवाज गोदामात, तोच फोनमध्ये. उघड उघड एकच नग दोन जागी!

स्टोअरच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. एकच नग दोन जागी दिसला की समजायचं, एक तर हिशेब खोटा किंवा माणूस. नानांनी एकदा याच मुद्द्यावर एका सुपरवायझरची बदली करवली होती. माल गोदामात गेला की काउंटर रिकामा दिसला पाहिजे. तसा तो दिसेना, म्हणून नानांनी फोनमधला सगळा माल निवडला आणि काढून टाकायचं बटण दाबलं.

फोनने विचारलं, ‘हे तुमच्या सर्व उपकरणांवरून काढलं जाईल. चालेल?’

नानांना फार बरं वाटलं. सर्व फोनवरून जाणार, गोदामात राहणार. वायरमन, कॅशियर, बाई, सगळ्यांचे काउंटर एका फटक्यात साफ. एवढं शहाणं गोदाम त्यांनी पाहिलं नव्हतं. चालेल, त्यांनी दाबलं. फोनने पुन्हा विचारलं, नक्की? नक्की. मग कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली भरलेली दिसली. भंगार साठवून ठेवणं नानांच्या रक्तात नव्हतं. ती रिकामी केली. ‘हे परत मिळणार नाही,’ फोन म्हणाला. “भंगार परत कशाला हवं?” नाना म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

चहा पिता पिता त्यांनी पट्टी पाहिली. शून्य टक्के.

नानांनी अर्धा चहा तसाच बाजूला ठेवला.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं.

“काही नाही. झाडलोट केली.”

त्याच सकाळी दादांना शस्त्रक्रियेला आत नेलं होतं.

दादा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून, हातात मुलांची असते तशी पाटी घेऊन. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, घर कसं खायला उठतंय. जरा तो आवाज लावा ना.”

“नेट नाही, वहिनी.”

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, हवेत काम चालू आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ढग आहेत. वहिनींनी खिडकीतून वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मग त्यांनी नानांपुढे चहा ठेवला आणि तेच नानांना जास्त लागलं.

इकडे इमारतीत वेगळाच गोंधळ. वायरमनच्या तारांचे फोटो गेले, त्यामुळे त्याने बाईंचा बोर्ड अंदाजाने जोडला. आता बाईंची घंटा वाजवली की न्हाणीघरात दिवा लागायचा आणि दारात पाहुणा ताटकळत उभा राहायचा. कॅशियरांचे गुडघे गेले. म्हणजे गुडघे होते, त्यांचा इतिहास गेला. पण चूक नानांची आहे हे कुणीच तोंडावर म्हणेना. सल्ले मात्र सगळ्यांनी दिले.

“फोन बंद करून चालू करा,” वायरमन म्हणाला. त्याच्या धंद्यातला हा रामबाण उपाय.

“वरच्या साहेबाला भेटा,” कॅशियर म्हणाले. “काउंटरवरचा माणूस नाहीच म्हणतो. मी तीस वर्षं तेच म्हणालो.”

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने फोन हातात घेतला, मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि परत दिला. “नवीन घ्या,” तो म्हणाला.

शेवटी नानांनी कंपनीच्या मदत खिडकीशी संधान बांधलं. खिडकी म्हणजे फोनवरच एक चौकोन. त्यात अक्षरं उमटली, ‘नमस्कार! मी आपली सहायक. मी काय मदत करू?’

नानांनी एका बोटाने लिहिलं, ‘ताई, माझ्या भावाचा आवाज गेला.’

‘ऐकून वाईट वाटलं. कृपया सेटिंगमध्ये जाऊन आवाज वाढवा.’

‘तसा नाही. दोनदा गेला. एकदा दवाखान्यात, एकदा तुमच्याकडे.’

‘आपला प्रश्न सुटला का? आम्हाला किती तारे द्याल?’

नाना हटले नाहीत. पुष्कळ खटाटोपानंतर एक खराखुरा माणूस बोलायला मिळाला. आवाज कोवळा, पण शिस्त जुन्या कचेरीची.

“सर, खातं आपलंच आहे याची खात्री करायचीय. आपल्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?”

“आम्ही कधी पाळलाच नाही.”

“उत्तर चुकलं, सर.”

“अहो, खरं आहे ते!”

“खरं असेल, सर. पण चुकलं.”

बायको म्हणाली मोती म्हणा. कॅशियर म्हणाले वाघ्या म्हणा. दोन्ही म्हणून झाल्यावर खातंच बंद पडलं. जावयाला गाठलं तर तो म्हणाला, “नाना, तुमच्याकडे प्राणी नव्हता म्हणून मी तिथे ‘नाही’ असं लिहिलं होतं.” खातं पुन्हा उघडवलं, पुन्हा त्या माणसाला गाठलं, नानांनी छाती भरून ‘नाही’ म्हटलं.

“बरोबर, सर. आता दिसतंय. माल आपणच काढलाय. टोपलीही आपणच रिकामी केलीय.”

“मग मला अडवलं का नाही?”

“सर, तीनदा विचारलं.”

खरं तर तो पोरगा नियमाने बोलत होता. नाना स्वतः जन्मभर असंच बोलत आले होते, सही दाखवा, तुमचीच आहे ना, मग झालं. समोरचा माणूस तेव्हा कसा उभा असायचा, ते त्यांना आता आठवायला लागलं, आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या सकाळी नेहमीपेक्षा बरंच लवकर उठून त्यांनी ठरवलं, जाऊन सांगायचं. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला. निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी एवढा कडक सदरा घातला नव्हता. चपला घालून जिन्यात पाऊल टाकलं आणि जागीच थांबले.

बंद दाराआडून दादा ओरडत होते.

“गाढवा, तुला एक काम धड जमतं का? बंद कर ते!”

क्षणभर शांतता. पुन्हा, “गाढवा, तुला एक काम धड जमतं का?”

नानांनी वायरमनच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. वायरमन डोळे चोळत आला.

“काय नाना, आग लागली का?”

“दादा! तुझ्या घरात दादा!”

वायरमन ओशाळला. “तुम्हाला सांगणारच होतो, पण विसरलो. मला घड्याळाच्या गजराने जाग येत नाही. गोदामात थोरल्यांचं हे ऐकलं आणि म्हटलं, याने मेलेला उठेल. तेवढाच तुकडा कापून गजराला लावला. राग नका मानू. रोज वेळेवर कामावर जातो आता.”

गजराचा तुकडा फोनच्या वेगळ्या कप्प्यात होता, म्हणून नानांच्या झाडलोटीतून वाचला होता. नानांनी वायरमनला मिठी मारली आणि तो तुकडा आपल्या फोनवर घेतला. तो सदरा असा चुरगळलेला बायकोने प्रथमच पाहिला.

दादांच्या घरी दादा खुर्चीत होते, वहिनी भाजी निवडत होत्या. नाना उभे राहूनच बोलले.

“वहिनी, मी सगळं पुसून टाकलं. माझ्याच हातांनी. चार दिवसांचं सगळं गेलं. एवढंच राहिलंय.” आणि बटण दाबलं.

दादांचा आवाज खोलीभर झाला. वहिनींच्या हातातली जुडी खाली पडली. दादांनी मान वर केली. मग हात पुढे करून फोन मागितला, स्वतः बटण दाबलं, ऐकलं, पुन्हा दाबलं. त्यांचे खांदे हलायला लागले. नाना घाबरले, पण ते हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे आणि डोळ्यांतून पाणी. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘हेच हवं होतं.’

वहिनींनी पाटी वाचली. “हेच काय? ह्यात माझं नावसुद्धा नाही!”

“वहिनी, होतं हो,” नाना म्हणाले. “तुम्ही चहा ठेवून आत गेलात तेव्हा दोन ओळी बोलले होते. मी ऐकल्यात.”

“काय बोलले?”

नानांनी दादांकडे पाहिलं. दादांनी बटणावर बोट ठेवलं, “गाढवा, तुला एक काम धड जमतं का? बंद कर ते!”

पण नानांनी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. वहिनींनी जुडी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आल्या.

नानांनी तो तुकडा दादांच्या फोनवरही घालून दिला, आणि त्या दिवसापासून दादांचं सगळं बोलणं त्यात आलं. चहा हवा, पंखा हवा, डॉक्टरला उशीर झाला, दाबलं बटण. डॉक्टरांनी प्रथम ऐकलं तेव्हा ते चपापले, मग तेही हसायला लागले. नानांचा फोन संध्याकाळी वाजायचा, पलीकडून एक अक्षर नाही, मग ‘गाढवा’ सुरू व्हायचं, आणि नाना चपला शोधायला लागायचे.

“निघालात का?” बायको विचारायची.

“बोलावणं आलंय,” नाना म्हणायचे.

वहिनी मधूनच म्हणायच्या, “भावोजी, त्या दोन ओळी पुन्हा सांगा.” नाना पुन्हा सांगायचे. दादा पाटीवर खडूने त्यात दुरुस्त्या करायचे.

दादा त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात गेले, एका मंगळवारी सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. वहिनी त्यांच्यामागून दीड वर्षाने गेल्या, पावसाळ्याच्या सुरुवातीला.